गावच्या सत्काराची यादी

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका लहान गावात राहतो. वय २९. तरुण मंडळाचा सचिव आहे. दरवर्षी १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की आम्ही गावासाठी झटणाऱ्यांचा सत्कार करतो. सुरुवातीला पाच-सहा नावं असायची, आता यादी पंचवीसवर गेलीय. सोसायटीचे चेअरमन, दोन्ही पॅनेलची माणसं आणि जत्रेला देणगी देणारे गलाईवाले (परगावी सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारे गाववाले) यांतच ती भरून जाते. आमच्या गावात एक काका आहेत. विहिरीत, कालव्यात कुणी बुडालं की रात्री-अपरात्री त्यांनाच उठवून नेतात. आयुष्यभर एक रुपया न घेता त्यांनी हे काम केलं. मी त्यांचं नाव सुचवलं, तर बैठकीत दोघं-तिघं म्हणाले, "चांगल्या दिवशी ते कशाला?" गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा स्वयंसेविका, आमच्या आशाताई, यांनी तर निरोपच धाडला, की माझं नाव घालू नका, सत्कार झाला की लोक आणखी हक्कानं कामं सांगतात. श्रमदान करणाऱ्या पोरांतल्या एकालाच 'जलमित्र' पुरस्कार द्यायचं ठरलं, म्हणून बाकीचे रुसलेत. कोइमतूरला गलाई असलेले एक गाववाले सगळा खर्च द्यायला तयार आहेत, पण पुरस्काराला वडिलांचं नाव द्या म्हणतात. नावं कमी केली तर भावकी पेटेल. हा सगळा सत्काराचा कार्यक्रमच बंद करावा, असं मला वाटायला लागलंय. काय करू?
— एक कार्यकर्ता

उत्तर

सप्रेम नमस्कार.

बंद करू नका. तुमची चीड मला पटते. पण कार्यक्रम बंद झाला तर चेअरमनसाहेबांचं काही अडणार नाही. त्यांचे सत्कार कारखान्यावर, बँकेत, वाढदिवसाला होतच राहतील. अडेल ते काकांचं. सगळ्या गावासमोर त्यांना नाव घेऊन बोलावता येईल अशी वर्षातली एकच वेळ आहे, आणि ती तुमच्या मंडळाच्या हातात आहे. ती सोडू नका. यादी मात्र पहिल्यापासून नवी करा.

ही यादी बैठकीत बसून होत नाही. बैठकीत ज्याचा आवाज मोठा, त्याची माणसं यादीत येतात, हे तुम्ही इतकी वर्षं बघताय. मंडळातल्या चार पोरा-पोरींना वही देऊन घरोघर पाठवा आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारायला सांगा: गेल्या वर्षात अडचण आली तेव्हा घरच्यांशिवाय तुम्ही कुणाला हाक मारली? 'चांगलं काम कोण करतं' असं विचारू नका. तसं विचारलं की लोक पदाधिकाऱ्यांची नावं घेतात. 'हाक कुणाला मारली' म्हटलं की खरं नाव तोंडात येतं. घरातल्या बायकांना वेगळं विचारा, कारण दारात पुरुष उभा असेल तर तो आधी आपल्या पॅनेलचा विचार करतो. गावठाणात फिरून परत येऊ नका. मळ्यातल्या वस्त्यांवर जा, मेंढपाळांच्या घरांकडे जा, द्राक्षबागेत कामाला येऊन राहिलेल्या कुटुंबांकडे जा. वहीत जी नावं येतील ती पाहून तुमचं मंडळच चकित होईल. श्रावणबाळ नाहीतर संजय गांधी निराधारचा अर्ज भरून म्हाताऱ्यांना तहसीलला घेऊन जाणारा कुणी असेल. पहाटे व्हॉल्व्ह सोडायला उठणारा असेल. शाळेत खिचडी शिजवणारी आणि आई नसलेल्या पोरीची वेणीही घालून देणारी मावशी असेल. मयताच्या घरी कुणी न सांगता बांबू, सुतळी घेऊन जाणारा असेल. साप निघाला की ज्याला फोन जातो, तो पोरगा असेल.

ही माणसं मोठ्या संकटात सगळ्यांना दिसतात आणि संकट ओसरलं की दिसेनाशी होतात. ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तुमच्या बाजूचे तालुके त्याच उन्हाळ्यात टँकरवर आणि चारा छावण्यांवर जगले होते, तरीही तिथून नदीकाठच्या गावांना भाकरी आणि चारा गेला. त्या भाकरी कुणी थापल्या, टेम्पोला डिझेल कुणी घातलं, हे आज कुठल्या गावात लिहून ठेवलंय? हे लिहून ठेवणं, हेच सत्काराचं खरं काम आहे असं मी मानते. बाकीच्या गोष्टी त्याच्या मागून येतात.

आता पंचवीस नावांचं. पाचच्या वर जाऊ नका. तुमच्याच जिल्ह्यात विष्णुदास भावे गौरव पदक आहे. दरवर्षी ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, सांगलीत ते एका रंगकर्मीला दिलं जातं. एकालाच दिलं जातं म्हणून मोठमोठे नट त्यासाठी सांगलीला येतात. तुमच्या पंचविसांतल्या किती जणांनी मागच्या वर्षी काय काम केलं होतं, हे आज कुणाला सांगता येईल का? निवेदकाला तेव्हाही सांगता आलं नसणार. इतक्या नावांत कुणाच्याच कामाविषयी बोलायला वेळ उरत नाही.

भावकीची भीती खरी आहे, म्हणून नावांच्या आधी नियम लिहा. नाव समोर असताना नियम केला की तो माणसाविरुद्ध वाटतो. नियम आधी झाला की नाव आपोआप गळतं. दोन नियम पुरे. सध्या कुठल्याही पदावर असलेल्याला, आणि येत्या निवडणुकीत उभं राहणाऱ्याला, हा सत्कार नाही. देणगीदारांचे आभार स्वतंत्र मानले जातील. हे नियम शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर महिनाभर आधी लावा. निवड करायला मंडळातली माणसं बसवू नका. गावात ज्यांच्या शब्दाला मान आहे असे एक निवृत्त गुरुजी, बचत गटातली एक बाई, आणि वस्त्यांवरचं कुणीतरी, एवढे तिघं पुरेत. त्यांच्यापुढे ती घरोघर फिरलेली वही ठेवा. ज्याचं नाव गळेल तो तुमच्याकडे येईल, चिडेल, कदाचित जत्रेची वर्गणी देणार नाही म्हणेल. त्याला वही दाखवा. वहीत त्याचं नाव किती घरांनी घेतलंय ते त्याला स्वतःला वाचू द्या. एखादं वर्ष कटकट होईल, पण लिहिलेला नियम दोन्ही पॅनेलना सारखा लागला की लोक तो पाळतात.

आता काकांकडे येते, कारण तुमच्या पत्रात माझं मन तिथंच अडकलं.

टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून तुमच्याकडे विहिरी भरल्या, कालवे वाहू लागले. ज्या मुलांनी लहानपणी पाणी टँकरमध्येच पाहिलं, ती पोहायला न शिकताच मोठी झाली. म्हणजे काकांचं काम कमी झालेलं नाही, वाढलंच असेल. हे काम काय असतं ते बैठकीतल्या त्या दोघा-तिघांना एकदा सांगा. अंधाऱ्या विहिरीत दोर धरून उतरायचं. तळाचा गाळ, मोटारीचा पाइप, वायर, कपारीतलं जनावर, सगळं हातानं चाचपत जायचं. आई-बाप काठावर उभे असताना त्यांचं लेकरू वर आणायचं. मग घरी येऊन अंघोळ करायची आणि सकाळी आपल्या कामावर जायचं. 'चांगल्या दिवशी ते कशाला' म्हणणाऱ्यांच्या भावकीत कधी असा प्रसंग आला असेल, तर त्या रात्री काकांना बोलवायला कोण धावलं होतं, हे त्यांनीच आठवून पाहावं. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण बैठकीतल्या त्या बोलण्यामागे काकांची जात असेल, तर तेही स्पष्ट ओळखा. ज्याला वाईट वेळी दारात बोलावतो, त्याला चांगल्या वेळी खुर्ची द्यायची नाही, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. ती मोडण्याचा अधिकार तुमच्या मंडळाला आहे आणि त्यासाठी १५ ऑगस्टपेक्षा योग्य दिवस मला तरी सुचत नाही. पण त्यांचा सत्कार त्यांच्या वस्तीत वेगळा उरकू नका. सगळ्यांबरोबर, त्याच मैदानात, त्याच ओळीतली खुर्ची द्या.

पण आधी त्यांना विचारा. त्यांच्या घरी जा, चहा घ्या आणि विचारा, की काका, गावासमोर तुमच्या कामाविषयी बोललेलं चालेल का? काय सांगू, काय नको? हे विचारणं फार गरजेचं आहे, कारण विहिरीतले काही मृत्यू अपघाताचे नसतात. मैदानात ती घरंही बसलेली असतील. कुणाचं नाव, कुठली विहीर, कुठलं वर्ष, यातलं काहीही माइकवर येता कामा नये. किती प्रेतं काढली याचा आकडाही सांगू नका. तो आकडा ऐकताना कुणाच्या तरी पोटात तुटतं. निवेदकाला उत्साहाच्या भरात भान राहत नाही, तेव्हा त्याच्या हातात मोजकं लिहून द्या आणि त्याबाहेर बोलायचं नाही असं बजावा.

आणि शालीच्या आधी त्यांच्या सुरक्षेचं बघा. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली, तेव्हा महाबळेश्वरकडचे ट्रेकर दोर लावून त्या दरीत उतरले होते. तेही स्वयंसेवकच, पण त्यांच्याकडे दोर होते, कमरेचे पट्टे होते, उतरण्याचं शिक्षण होतं. तुमच्या काकांकडे काय आहे? गोठ्यातलं दावं असेल. तर मग ज्या पैशातून पंचवीस ट्रॉफ्या येणार होत्या, त्यातून एक चांगला जाड दोर, दोन लाइफ जॅकेट, एक हवा भरलेली ट्यूब आणि पाण्यात चालणारी बॅटरी घ्या, आणि ते सामान ग्रामपंचायतीत कुलपात न ठेवता काकांच्या घराजवळ, रात्रीही हाती लागेल असं ठेवा. बँकेत त्यांचं खातं असेल आणि वय सत्तरच्या आत असेल तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो. फॉर्म भरून द्या आणि दरवर्षी १ जूनच्या आत खात्यात तेवढी शिल्लक आहे का ते मंडळातल्या कुणीतरी बघा. सांगलीला जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन 'आपदा मित्र' प्रशिक्षणाची चौकशी करा. मंडळातली दोन पोहणारी पोरं तिथं शिकून आली तर पुढच्या वेळी काकांना एकट्यानं उतरावं लागणार नाही. माझ्या दृष्टीनं त्यांचा मोठा सन्मान हाच. तुम्ही शाल घाला, फेटा बांधा, हलगी वाजवा, पण हे झाल्याशिवाय नको.

मानपत्राविषयी थोडं सांगते, कारण गावोगावी मानपत्रं मी वाचत आले आणि त्यांतली बहुतेक एकाच साच्यातली असतात. 'आपण समाजकार्याचा वसा घेऊन अहोरात्र झटत आहात, आपल्या उत्तुंग कर्तृत्वास मानाचा मुजरा.' हे वाक्य कुणालाही चालतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. नाव खोडून दुसरं घातलं तरी चालेल असं एकही वाक्य मानपत्रात ठेवू नका. शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना त्या माणसाकडे पाठवा, त्यांनी प्रश्न विचारावेत, गुरुजींनी शुद्धलेखन बघावं. व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाचं मानपत्र असं होऊ शकेल:

'आपण रोज पहाटे चार वाजता टाकीवर जाता. वरच्या आळीला पाणी कमी दाबानं येतं, म्हणून तिथं अर्धा तास जास्त सोडता, आणि त्याबद्दल खालच्या आळीची बोलणी ऐकून घेता. जत्रेच्या दिवशीही आपण टाकीवर होता. आपल्यामुळं गावातल्या लेकी शाळेच्या वेळेत शाळेत पोचतात. हे गावाला माहीत आहे, आणि याबद्दल गाव आपलं ऋणी आहे.'

एवढं पुरे. ज्या मुलानं हे लिहिलं त्यानंच ते वाचावं. आणखी एक गोष्ट करा, ती फुकट आहे. १५ ऑगस्टला बहुतेक गावांत ग्रामसभाही होते. त्या सभेत या पाचही जणांच्या अभिनंदनाचा ठराव मांडा, त्यात काम दोन ओळींत लिहा आणि ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल त्यांना द्या. ट्रॉफी वर्षभरात माळ्यावर जाते. ठराव ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात राहतो. काकांच्या नातवाला उद्या तो काढून वाचता येईल.

आशाताईंचं म्हणणं मात्र तसंच्या तसं माना. त्यांनी नको म्हटलंय, तर आग्रह करू नका, आणि ऐन वेळी माइकवरून नाव पुकारून त्यांना उभं तर मुळीच करू नका. आपल्याकडे नकार म्हणजे विनय असं समजून माणसाला ओढत व्यासपीठावर नेतात. ताईंनी कारण सांगितलंय आणि ते अगदी खरं आहे. आशा स्वयंसेविका म्हणजे पगारी नोकरी नाही. जसं काम तसा मोबदला आणि वर थोडं मानधन. त्यात गरोदर बायकांची नोंद, लसीकरणाला घरोघर निरोप, बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यापर्यंत सोबत, सर्वेक्षणं, नोंदवह्या आणि आता मोबाइलमधली माहितीही आली. कोरोनात तर दारोदार तापमान मोजत त्याच फिरल्या, आणि काही गावांत लोकांनी त्यांनाच दारातून हाकललं होतं. त्यानंतर 'कोरोना योद्धा' लिहिलेलं प्रमाणपत्र हातात आलं. त्या प्रमाणपत्रानं ताईंचं काम कमी झालं नाही, लोकांचा हक्क तेवढा वाढला.

तेव्हा त्यांना सत्काराऐवजी काय हवंय ते विचारा. विचारायला मंडळातली पोरं नकोत, पोरी जाऊ देत. मला वाटतं उत्तरं साधी येतील. रात्री कळा सुरू झाल्या आणि १०८ यायला वेळ लागणार असला, की ताई गाडीसाठी दहा दारं फिरतात. मंडळात चारचाकीवाले किती आहेत? आठवड्याला एक असं नाव लावून फोन नंबरासह कागद ताईंच्या घरी आणि उपकेंद्रात चिकटवा. त्या आठवड्यात ज्याचं नाव, त्यानं फोन उशाशी ठेवायचा. लसीकरणाच्या दिवशी टेबल, खुर्च्या, पिण्याचं पाणी आणि आयांना बसायला सावली, एवढं मंडळानं करायचं. ताईंच्या मोबदल्याचं काही अडलं असेल तर ग्रामसभेनं लेखी पाठपुरावा करायचा. हे जमत नाही असं म्हणू नका. तुमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, मुलं अभ्यासाला बसतात. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडीच्या आणि आशाताई घरोघर फिरल्या, मग गावानं ते अंगावर घेतलं. अख्खं गाव रोज टीव्ही बंद करू शकतं, तर आठवड्याला एक गाडी का निघू नये?

पुढंमागं ताईंना वाटलं तर ३१ मेची संधी आहेच. अहिल्यादेवी होळकरांच्या जयंतीला ग्रामपंचायतीनं महिला आणि बालकल्याणात काम करणाऱ्या दोन स्त्रियांचा गौरव करायचा, असा शासनाचा निर्णय २०२३ पासून आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत तो पाळला जातो का, आणि नावं कशी ठरतात, ते ग्रामसभेत विचारा.

श्रमदानाच्या पोरांचा प्रश्न सोपा आहे. एकट्याला देऊ नका. पाणी फाउंडेशनच्या श्रमदान स्पर्धेत २०१६ ला पहिला वॉटर कप साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या वेळूला मिळाला, २०१८ ला माण तालुक्यातल्या टाकेवाडीला. दोन्ही वेळा तो गावाला मिळाला, गड्याला नाही. तुमच्या तालुक्यात तर याहून जुनं उदाहरण आहे. बलवडीजवळ येरळेवर लोकांनी श्रमदानातून बळीराजा धरण बांधलं, आणि दुष्काळाच्या दिवसांत पाणी सगळ्यांना कसं मिळेल यावर तिथं मोठा विचार झाला. त्याच मातीतल्या पोरांना एका ट्रॉफीवरून रुसवता कशाला? सगळ्यांना पुढं बोलवा, खोदलेल्या चरांचं आणि बांधांचं नाव-ठिकाण वाचा, आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी टिकाव, फावडी, घमेली द्या. ज्याला 'जलमित्र' मिळणार होतं त्यानं स्वतः हे सुचवलं तर उत्तमच. त्याच्याशी आधी बोलून ठेवा, म्हणजे ऐनवेळी त्याला कमीपणा वाटणार नाही.

कार्यक्रमाचं थोडक्यात सांगते. अर्ध्या तासात संपवा. झेंडावंदनाला मुलं सकाळी उपाशीपोटी आलेली असतात, पाहुण्यांची भाषणं लांबतात आणि दोन-तीन पोरं चक्कर येऊन पडतात, हे दरवर्षी कुठं ना कुठं घडतं. आधी मुलांना खाऊ द्या, सावलीत बसवा, मग सत्कार सुरू करा. पाहुणे पहिल्या रांगेत खाली, सत्कारमूर्ती वर खुर्चीत. आणि सगळ्यांना एकच सन्मान. बायकांचा सत्कार ओटी भरून, हळद-कुंकू लावून करण्याची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती या कार्यक्रमात नको. सत्काराला उभी राहिलेली बाई विधवा असली की हळदी-कुंकवाचं ताट तिच्यापुढून बाजूला सरकतं, आणि जिला मान द्यायला बोलावलं तिचाच चारचौघांत अपमान होतो. शाल, मानपत्र आणि एक रोप, हे पाचही जणांना सारखं द्या.

सत्कारमूर्तीच्या घरच्या माणसालाही शेजारी खुर्ची द्या. काका रात्री भिजून येतात तेव्हा चूल पेटवून पाणी कुणीतरी तापवत असतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली, पण साताऱ्याच्या वसतिगृहात पोरांच्या जेवणाला पैसे कमी पडले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही मोडायला दिलं. साताऱ्यात भाऊरावांबरोबर लक्ष्मीबाईंचं नाव आजही घेतात. तुमच्या व्यासपीठावरही काकूंचं नाव घेतलं जाऊ दे.

राहिले कोइमतूरचे गाववाले. त्यांना गर्विष्ठ समजू नका. विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसं दुष्काळाला कंटाळून सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली, आणि त्यांनी पाठवलेल्या पैशावर तुमच्याकडच्या किती शाळा, मंदिरं आणि रस्ते उभे राहिले. त्या माणसाला गावात वडिलांचं नाव राहावं असं वाटतंय, यात वाईट काही नाही. पण गावच्या सत्काराला एका घराचं नाव दिलं, तर पुढच्या वर्षी दुसरं घर जास्त रक्कम घेऊन येईल, आणि हळूहळू नाव कुणाचं ते पैशावर ठरेल. म्हणून पत्र नको, फोन करा. मंडळातला सर्वांत जबाबदार माणूस बोलू दे. म्हणा, "अण्णा, सत्कार गावाच्या नावानं होईल, त्याचा खर्च आम्ही वर्गणीतून भागवतो, पाचच नावं आहेत, फार खर्च नाही. तुमच्या वडिलांच्या नावानं दोर, जॅकेट आणि पोहण्याचं सगळं सामान घेऊया. पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या पोरांना पोहायला शिकवायचं आहे, त्याचाही खर्च त्यांच्याच नावानं करू. सामानाच्या पेटीवर नाव घालू, जमाखर्च तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवू, आणि १५ ऑगस्टला तुम्ही स्वतः या."

नाही म्हणाले तर पाच शाली आणि एक दोर वर्गणीतूनही येतो. पण मला वाटतं ते हो म्हणतील. फोन याच आठवड्यात करा, सामान विट्यात मिळालं नाही तर सांगलीहून आणायला वेळ लागेल.